भीतीचं बोट कुणाकडे?

भयपट विद्यार्थ्यांनी करू नये, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांनी तर मुळीच करू नये, असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत प्राध्यापक आहेत, लघुपट स्पर्धांचे परीक्षक आहेत, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उमेदीची वर्षं घातलेले कार्यकर्ते आहेत. त्यांचं म्हणणं असं की या दोन जिल्ह्यांत आजही जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली जातात. अशा ठिकाणी कॉलेजच्या पोरापोरींनी मोबाइल घेऊन भुताचा सिनेमा काढला तर तो आगीत तेल ओततो. त्यापेक्षा त्यांनी व्यसनमुक्तीवर करावा, पाण्यावर करावा, मतदानावर करावा.

या म्हणण्यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भरचौकात दोरीने बांधून मारलं. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या. १ मे २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोणा करतात म्हणून मारहाण करून जिवंत जाळलं. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली आणि अटक झालेल्यांत त्या बाईच्या घरचेही होते. हे ठाऊक असताना इथल्या मुलांनी भयपट कसा करावा, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर ‘करूच नये’ असं देणाऱ्यांशी माझा वाद आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी कायदाच बघा, कारण कायद्याचा हवाला सगळ्यात आधी दिला जातो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात न जाऊ देता मंत्र मारत बसणं, अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई आली किंवा गुरांचं दूध आटलं असं सांगून त्याच्याविषयी संशय पसरवणं, या सगळ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. भुताची गोष्ट सांगणं त्या यादीत कुठेही नाही. कायदा करणाऱ्यांना नेमकं कळलं होतं की घात गोष्टीने होत नाही, एका जिवंत माणसाकडे बोट दाखवण्याने होतो. आपल्या परीक्षकांनी एवढाच फरक मनात ठेवला असता तर वादाचं कारणच उरलं नसतं.

भयपटाचा इतिहास पाहिला तर हा प्रकार बोट दाखवणाऱ्या जमावाच्या बाजूने क्वचितच उभा राहिलेला दिसतो. १९३१ सालच्या जेम्स व्हेलच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये शेवटी सगळं गाव मशाली घेऊन निघतं आणि त्या राक्षसाला पवनचक्कीत कोंडून आग लावतं. तो प्रसंग बघताना जीव कळवळतो तो आत अडकलेल्यासाठी. जमाव त्या चित्रपटात गावाचा रक्षक म्हणून येतो आणि प्रेक्षकाच्या मनात गुन्हेगार म्हणून राहतो. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने थोडक्या पैशांत कृष्णधवल ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. त्यातला कृष्णवर्णीय नायक उठलेल्या मुडद्यांच्या वेढ्यातून रात्रभर वाचतो, आणि सकाळी बंदुका घेऊन गावं ‘साफ’ करत फिरणाऱ्या लोकांच्या गोळीने मरतो. त्यांना तो मुडद्यांपैकीच वाटतो. बारसेवाड्याची बातमी वाचलेल्या गडचिरोलीच्या कुठल्याही मुलाला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. व्यसनमुक्तीच्या लघुपटातून त्याला जमावाविषयी हे कळण्याची काही शक्यता नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जिथे माणसांना भूत ठरवून मारलं जातं, तिथेच भयपटाची गरज सर्वांत जास्त आहे. अट एकच. खरी भीती ज्याची आहे त्याच्याकडेच ती वळली पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण चूक एकाच बाजूची नाही. लघुपटाच्या कार्यशाळांत भयपटाचे संकेत शिकवले जातात ते यादीसारखे. ओसाड वाडा, अमावास्या, घुबड, पैंजणांचा आवाज, करकरणारं दार, पांढरं लुगडं, मोकळे केस, आणि खाटेवर बसलेली, कुणाशी न बोलणारी म्हातारी. दोन मिनिटांची सुरुवात करायची, यातले चार-पाच बसवायचे, शेवटी एक दचका द्यायचा आणि नाव पडद्यावर आणायचं. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ला १९८४ साली हे शोभत होतं. त्यांचा वाडा कुठल्याच जिल्ह्यातला नव्हता. पण सिरोंच्याच्या किंवा जिवतीच्या पोरीने आपल्याच गावात, आपल्याच गावच्या एका एकट्या विधवेला शंभर रुपये देऊन, केस सोडून दारात बसवलं आणि तो लघुपट गावच्या व्हॉट्सॲप गटात फिरला, तर तिने नकळत काय केलं याचा विचार करा. पुढच्या पावसाळ्यात गावातलं एखादं लेकरू तापाने गेलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभं राहील. म्हातारीचा चेहरा तिथे आधीच संशयात आहे. सिनेमाने त्यावर शिक्का मारू नये.

इथे आक्षेप घेणारे म्हणतील, ‘बघा, आम्ही हेच तर म्हणत होतो.’ नाही. तुम्ही म्हणत होता की हा प्रकारच नको. मी म्हणतो की हा एक संकेत इथे वापरू नका, आणि उरलेले सगळे शिकून, उलटसुलट करून वापरा. संकेत म्हणजे प्रेक्षकाशी झालेला करार असतो, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्टीच्या, माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. धानाची कापणी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. माणसं थंडीत घोंगड्या पांघरून उजाडेपर्यंत नाटक बघतात. खलनायक पडद्याआड असतानाच वाद्यांचा सूर बदलतो आणि मंडपात बसलेली आजी सावरून बसते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर घालवलेल्या आयुष्याबद्दल. ज्या मुलांच्या घरात हे संस्कार आहेत त्यांना ‘कलाप्रकाराचे संकेत तुमच्यासाठी नाहीत’ असं सांगणं हा त्यांच्या समजेचा अपमान आहे.

आणखी एक सांगितलं जातं, की भयपट ही बाहेरून आलेली गोष्ट आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गोष्टी तीन पिढ्यांनी रात्री दिवा चालू ठेवून वाचल्या, त्या मराठीतच होत्या. ‘तुंबाड’चं बी कुठे पडलं हेही लक्षात घ्या. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की धारपांची गोष्ट त्यांनी १९९३ साली एका मित्राकडून ऐकली, ती नागझिऱ्याच्या जंगलात. नागझिरा आपल्या शेजारच्या भंडारा-गोंदियात आहे. २०१८ साली आलेल्या त्या चित्रपटात साखळदंडाने बांधलेली भयंकर आजी आहेच. पण चित्रपट संपल्यावर माणूस तिला घाबरून उठत नाही. लोभाला घाबरून उठतो. तिच्या कुटुंबाने तिचं काय करून ठेवलं ते तोवर दिसलेलं असतं. २०१७ सालच्या विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’तही अडचणीत सापडलेलं जोडपं, एकाकी घर, बाहेर दाट ऊस, सगळं ठरावीकच होतं. त्यात भयाचं मूळ होतं मुलगाच हवा या हट्टात. दोन्ही चित्रपटांनी जुने संकेत एकेक करून वापरले आणि बोट मात्र विचार करून वळवलं.

मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने सुरुवातीच्या दोन मिनिटांत काय करावं? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण टीका करणाऱ्यांपैकी कुणी या कामाच्या आत शिरून बोलत नाही.

समजा मे महिना आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची म्हणून गावातल्या बाया पहाटे, अजून नीट दिसत नसतानाच जंगलात शिरतात. वाकून तोडतात, ओटीत भरतात, दुपारी घरी बसून जुड्या बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. याच हंगामात, मे २०२५ मध्ये, सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी जीव गेला. आता सिनेमाची सुरुवात बघा. काळोख नाही, अमावास्या नाही. फिकट उजेड आहे. एक हात पान तोडतो, दुसरं तोडतो. बाजूला दोन बाया कुणाच्या तरी लग्नाचं बोलताहेत. दूर कुठेतरी वानर खाकरल्यासारखं ओरडतं. मग चितळाचा तीक्ष्ण आवाज येतो. ताडोब्याच्या गाइडांच्या भाषेत ‘कॉल चालू झाला’. आणि तिसरं पान तोडायला गेलेला हात तिथेच थांबतो. बोलणंही थांबतं.

या सुरुवातीत भयपटाचा सर्वांत जुना संकेत आहे: धोका दिसण्याआधी त्याची चाहूल लागते. मात्र चाहूल देणारं वाद्य जंगलाने स्वतः पुरवलेलं आहे. इंटरनेटवरून उतरवलेला घुबडाचा घूत्कार आणि कोल्हेकुई लावली की सिनेमा कुठल्याही जिल्ह्याचा होतो. चितळ, सांबर, भेकर आणि वानर यांचे इशारे लावले की तो मूल-सिंदेवाहीचा होतो. गावच्या प्रेक्षकाला तो आवाज ऐकताच घाम फुटेल. नागपूर-पुण्याच्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ माहीत नसेल, म्हणून थांबलेला हात दाखवायचा. हातावरून तो आवाजाचा अर्थ शिकेल, आणि पुढच्या वेळी तोच आवाज आला की त्याच्याही छातीत धस्स होईल. प्रेक्षकाला भीतीची भाषा शिकवायची आणि मग ती त्याच्यावरच वापरायची, यालाच सुरुवात जमली असं म्हणतात. यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, चांगला ध्वनिमुद्रक आणि धीर लागतो. मोबाइलचा कॅमेरा रात्री चित्रात दाणे आणतो, पहाटेच्या उजेडात निभावून नेतो. आणि ज्यांना वाटतं की अंधार नसला तर भय नाही, त्यांनी लक्षात घ्यावं की ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची सुरुवात दिवसाउजेडी दफनभूमीत होते.

लगेच दुसरा आक्षेप येईल, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. वाघाला राक्षस केलं तर वाघांवर विष आणि वीज घालणाऱ्यांना बळ मिळेल. ‘जॉज’चं उदाहरण याच अर्थाने पुढे ठेवलं पाहिजे. १९७५ च्या त्या चित्रपटाची सुरुवात शिकवण्यासारखी आहे. यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, त्यामुळे स्पिलबर्गने तो फार दाखवलाच नाही. पहिली बळी गेलेली मुलगी पाण्यात खेचली जाते आणि आपल्याला दिसते फक्त ती. पण त्या चित्रपटानंतर लोकांनी शार्क मारण्याचा धडाका लावला, आणि मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांनी पुढचं आयुष्य शार्क वाचवण्याच्या कामात घातलं. आपल्या विद्यार्थ्यांनी ‘जॉज’ची सुरुवात आणि बेंचलींचा पश्चात्ताप, दोन्ही एकत्र शिकले पाहिजेत. वाघ दाखवूच नका. त्या बायांना रिकाम्या पोटी, अंधूक उजेडात, वर्षभराच्या खर्चाचे पैसे मिळवायला वाकायला कुणी लावलं, हा प्रश्न सुरुवातीतच पेरा. तेंदूच्या पानाला दुसरा चांगला पर्याय नसणं हीच त्या कथेतली टाळता न येणारी शक्ती आहे.

इथल्या लोकांनी वाघाच्या भीतीचा प्रश्न पूर्वी कसा सोडवला हे ताडोब्याच्या नावातच दिसतं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं, अशी कथा आहे. वाघाने मारलेला माणूस त्या कथेत भूत झाला नाही, देव झाला. गोंडांच्या घरात गेलेले पूर्वज घराजवळ राहतात, त्यांचं स्मरण होतं, पेन म्हणजे देव त्यांच्यासोबत असतात. मेलेला परत आला म्हणजे घात, हा विलायती भयपटाचा पाया इथे जसाच्या तसा बसत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने घरी परत आलेल्या आजोबांचं स्वागत करणाऱ्या घरापासून सुरुवात केली आणि भय बाहेरून, सरकारी कागदातून किंवा ठेकेदाराच्या गाडीतून आलं, तर जगातल्या कुठल्याही महोत्सवात तो लघुपट नवा वाटेल.

पण इथे सावध राहायला हवं. २०२२ साली ‘कांतारा’ आल्यापासून मुखवटे, दैवतं आणि अंगात येणं यांची भुरळ पडलेली दिसते. ऋषभ शेट्टी यांनी तो चित्रपट आपल्या केराडी गावात, आपल्याच भूमीच्या भूतकोला या दैवतविधीवर केला. चंद्रपूर शहरातल्या मुलाने भामरागडला जाऊन माडिया आदिवासींचं ठाणं, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, पुजाऱ्याचं वाजवणं भयाचं सामान म्हणून टिपलं तर तो दुसऱ्याच्या देवघरात न विचारता शिरला. ज्याचा देव त्याने गोष्ट सांगावी, माडिया मुलांच्या हातात कॅमेरा असावा, आणि बोली माडिया असावी. मराठीत खाली अक्षरं देता येतात. गावात चित्रण करायचं तर गोष्ट आधी ग्रामसभेत वाचून दाखवावी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सगळे निर्णय सर्वसहमतीने घेऊन दाखवले आहेत. ज्या जिल्ह्यात अशी ग्रामसभा आहे तिथे पटकथेवर लोकांचं मत घेणं कठीण नाही.

हे न करण्याचे परिणाम परदेशात दिसले आहेत. १९९९ चा ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा, कारण त्यात तीन विद्यार्थीच चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात शिरतात आणि हरवतात. साध्या कॅमेऱ्यांनी, गावकऱ्यांच्या मुलाखतींनी सुरुवात करून त्याने जगभर कमाई केली. आपल्या विद्यार्थ्यांना त्यातून सुरुवातीचं तंत्र शिकता येतं: आधी गावातली साधी माणसं, त्यांच्या जुळत नसलेल्या गोष्टी, मग एकाएकी शांत वाट. पण मेरीलँडमधल्या ज्या छोट्या बर्किट्सव्हिल गावाचं नाव त्यांनी वापरलं, तिथल्या लोकांच्या दारात हौशी बघे येऊन धडकले, गावाच्या पाट्या चोरीला गेल्या. तिथे त्रास पाट्यांवर भागला. आपल्याकडे खऱ्या गावाचं नाव आणि खऱ्या बाईचा चेहरा ‘चेटकीण’ या शब्दाशेजारी आला तर तो पाटीवर भागणार नाही.

तंत्राचं सांगायचं तर आपली मुलं साधनांवाचून अडलेली नाहीत. सॅम रायमीने १९७८ साली, विशी गाठायच्या आत, ‘विदिन द वूड्स’ हा छोटा भयपट मित्रांना घेऊन केला. तो दाखवून पैसे जमवले आणि ‘ईव्हिल डेड’ केला. त्यात जंगलातून धावत येणाऱ्या अदृश्य शक्तीची नजर दाखवायला कॅमेरा लाकडी फळीवर बांधून दोघं जण पळत सुटले. फळी गडचिरोलीत मिळते, पळणारी पोट्टीही मिळतात.

शिवाय जे प्रसंग शहरी पटकथाकार ओढूनताणून आणतात ते इथे रोजचे आहेत. भयपटात ‘रेंज नाही’ हे नेहमी खोटं वाटतं, पण भामरागडच्या पलीकडे ते खरंच आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. पुरातून खाटेवर घालून नेली जाणारी गरोदर बाई दाखवली तर दचक्याची गरज उरत नाही. रानडुकरांपासून धान वाचवायला धुऱ्यावर सोडलेली जिवंत वीजतार घ्या. जागलीला गेलेला माणूस, बॅटरीचा उजेड, कुंपणावर दंव, आणि प्रेक्षकाला माहीत असलेली, त्या माणसाला माहीत नसलेली एक तार. या तारांनी वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत. गडचिरोलीत रात्री दार वाजण्याचा अर्थही एका पूर्ण पिढीला चांगला ठाऊक आहे. दार कोण वाजवतंय, वर्दीतला पोलीस की जंगलातला नक्षलवादी, हे कळण्याच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात गोष्टीचा सगळा ताण आहे. आणि ओसाड वाडाच हवा असेल तर चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र घ्या. अवाढव्य धुराडी, राखेचे डोंगर, बाजूला झुडपांचं रान. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच आवारात एका कामगाराला वाघाने मारलं. तिथे वीज तयार होते आणि भोवतालच्या वस्तीत माणसं संध्याकाळी घराबाहेर पडायला घाबरतात. जॉर्डन पीलने २०१७ च्या ‘गेट आउट’ची सुरुवात अशीच केली होती. एक कृष्णवर्णीय तरुण रात्री एकटा चालतो, मागे गाडी लागते. जुनाच संकेत, पण रस्ता श्रीमंत, स्वच्छ, सुरक्षित मानल्या गेलेल्या वस्तीतला. जागा बदलली आणि भीतीचा मालक बदलला. पीलला त्या पटकथेबद्दल ऑस्कर मिळालं.

जिल्ह्याची बदनामी होईल, हा एक आक्षेप राहिला. त्याला फार वेळ द्यायचं कारण नाही. बाहेरचे कॅमेरे गेली कित्येक वर्षं इथे वाघ आणि बंदूक शोधत येतात आणि दोन्ही टिपून परत जातात. इथल्या माणसांना काय वाटतं ते त्यात नसतं. बदनामी थांबवायची तर इथल्या मुलांना स्वतःची भीती स्वतः सांगू द्यावी लागेल.

आणि जनजागृतीच्या लघुपटांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांचा शेवट पहिल्याच चौकटीत कळतो. दारुडा बाप सुधारतो, सरपंच टाळ्या वाजवतो, पडद्यावर संदेश उमटतो. ज्याला संदेश पोचायला हवा तो तोवर मोबाइलमध्ये गुंतलेला असतो. भयपट माणसाला आधी शरीराने पकडतो. श्वास रोखला गेला की मग विचार शिरतो. बारसेवाड्यात त्या दिवशी जमलेल्यांना कुणी जनजागृतीचा संदेश दिला नसेलच असं नाही. आपण जमावात उभे असताना आतून कसे दिसतो, हे मात्र त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. जमावाच्या नजरेतून सुरू होणारी दोन मिनिटं करा: मशालींऐवजी मोबाइलचे दिवे, ओळखीचे आवाज, प्रत्येक जण दुसऱ्याला ‘चल’ म्हणतोय, आणि कॅमेरा ज्या घराच्या दाराशी पोचतो ते घर बघणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे, कारण तिथे काल त्यानेच चहा घेतला होता. मला हा लघुपट जिवती आणि एटापल्लीच्या प्रत्येक आश्रमशाळेत लागलेला बघायचा आहे.

म्हणून गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांना, स्नेहसंमेलनांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना माझं सांगणं असं आहे. तुमच्या लघुपट स्पर्धेत भयपट वगळणारी अट असेल तर ती काढून टाका. त्या जागी एक प्रश्न ठेवा आणि प्रत्येक गटाला चित्रण सुरू होण्याआधी त्याचं उत्तर लिहून मागा: तुमचा चित्रपट बघून लोक कुणाला घाबरतील, आणि तो माणूस तुमच्या गावात राहतो का? दुसऱ्या भागाचं उत्तर ‘हो’ असेल तर पटकथा परत पाठवा. ‘नाही’ असेल तर त्या मुलांना कॅमेरा द्या, आवाज टिपायचं साधन द्या, आणि तेंदूच्या हंगामात बायांच्या सोबतीने, वनरक्षकाला सांगून, पहाटे बाहेर पडू द्या.